राजाच्या मापाचे जोडे

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा डोंगर आताच्यापेक्षा थोडे उंच होते म्हणे. लहानांनी पुढे बसावे, मोठे मागे बसले तरी चालेल. पण पाय मात्र सगळ्यांनी मोकळे सोडावेत, कारण गोष्ट पायांचीच आहे.

त्या डोंगरांत एक राज्य होते. राज्य कसले, एक गड आणि त्याच्या अंगाखांद्यावर विखुरलेल्या नऊ वाड्या. तिथला राजा मनाने फार मोठा होता. पायानेही मोठा होता. त्याचे पाऊल ओल्या मातीत उमटले, तर त्यात कोंबडी पिल्लांसकट बसली असती.

कोणी राज्याचे मोठे काम केले, की राजा त्याला मानाचे जोडे देई. म्हशीच्या जाड कातड्याचे, दुहेरी तळाचे, खाली लोखंडी नाल, वर पितळी फुले, आणि घोट्याच्याही वर चार बोटे येणारे. हे जोडे नेहमी राजाच्या पायाच्या मापाने शिवायचे, असा रिवाज होता. राजाच्या मापाचा जोडा मिळणे हाच तर मान! ज्याला तो मिळतो त्याचाही एक पाय असतो, हे पणजोबांच्या काळापासून कोणाच्या डोक्यात आले नव्हते.

मानकरी मंडळी सणासुदीला ते जोडे घालून दरबारात येत. कोणी आत चिंध्या कोंबत, कोणी गवत. बदकांची रांग चालल्यासारखी ती माणसे डुलत डुलत येत आणि डुलत डुलत जात. घरी पोचले की जोडे कोनाड्यात ठेवत आणि रोजची पायताणे घालत. त्यामुळे कोणाचे काही बिघडत नव्हते.

बिघडले ते आत्याचे.

आत्या म्हणजे नऊ वाड्यांची सुईण. तिचे खरे नाव कोणालाच आठवत नव्हते. तिच्याहून वयाने थोर असलेली माणसेही तिला आत्याच म्हणत. अर्धे राज्य तिच्या हातांत जन्मले होते. बोलावणे आले, की पदर खोचून ती निघालीच. चढ असो की उतार, तिची पावले भरभर पडत. न्यायला आलेल्या तरण्या गड्याला धाप लागे, आणि ही त्याला त्याच्याच जन्माची हकीकत सांगत पुढे चाले. "तू पायाळू, बरं का रे. तेव्हाही असाच रेंगाळत आला होतास."

एकदा राणी अडली. दोन दिवस वैद्यांचे काही चालले नाही. तिसऱ्या दिवशी आत्याला बोलावले, आणि दुपारपर्यंत राजाच्या हातात एक लालबुंद, भुकेली, चिडलेली लेक आली. राजा सगळ्यांदेखत रडला. त्याने आत्याला मानाचे जोडे दिले. मग आत्याही रडली. उभ्या जन्मात तिला साडीचोळी आणि शिधा याखेरीज कोणी काही दिले नव्हते.

ते जोडे शिवणारा म्हातारा कारागीर गडाच्या पायथ्याशी राहत असे. आत्याची रोजची मऊ पायताणेही त्याच्याच हातची. मानाचे जोडे घालून ती खटखट करत त्याच्या दारावरून निघाली, तेव्हा त्याने हातातली आरी खाली ठेवली.

"आत्या, हे कोनाड्यात ठेव. सणाला घाल. डोंगर चढायला आपलं जुनंच बरं."

"आणि महाराजांनी एवढ्या मायेनं दिलं ते धूळ खात ठेवू? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते कानाला लागेल. हे पायाला लागेल."

"तुला मेल्या कौतुकच नाही कशाचं," असे म्हणून आत्या पुढे गेली. तिला त्या जोड्यांचा आवाज फार आवडला होता. तो ऐकून लोक वाट सोडत, हेही आवडले होते. आवडू दे बिचारीला, इतकी वर्षे ती सगळ्यांना वाट देत आली होती.

पण पाय काही ऐकेनात. पहिल्या आठवड्यात टाचा सोलल्या. आत्याने आत कापूस कोंबला. मग करंगळ्या सुजल्या, नखे काळी पडली, गुडघे ठणकू लागले. पूर्वी जी वाट ती एका घटकेत चढे तिला दोन घटका लागू लागल्या. दोनदा तर ती पोचायच्या आधीच मूल रडू लागले होते. शेजारणींनी निभावून नेले म्हणून बरे.

"माझं वय झालं गं आता," आत्या सगळ्यांना सांगू लागली. वय कसले, नुकती पन्नाशी उलटली होती. पण जोड्यांना दोष द्यावा हे तिच्या मनातही आले नाही. मायेने दिलेल्या वस्तूला दोष द्यायला जीभ रेटत नाही. आपण आपल्यालाच कमी समजू लागतो. हे काम आता आपण सोडावे, असेही तिला वाटू लागले होते.

अशात एका सकाळी सर्वांत वरच्या वाडीतला एक मेंढपाळ धावत आला. त्याची बायको पहिलटकरीण होती.

"आत्या, चला लवकर. पहाटेपासून कळा येताहेत. बाया म्हणतात मूल आडवं आलंय."

आडवे मूल हाताने फिरवायचे कसब नऊ वाड्यांत एकट्या आत्यापाशी होते, आणि त्यालाही एक वेळ असते. ती वेळ टळली, की माय आणि लेकरू दोन्ही हातचे जातात. तिने तेलाची कुपी घेतली, सवयीने जोडे चढवले आणि ती निघाली.

वरच्या वाडीची वाट म्हणजे कड्यात खोदलेल्या अरुंद पायऱ्या. लोखंडी नाल खडकावरून सरके. आतला पाय जोड्यात मागेपुढे होई, आणि प्रत्येक पायरीवर सोललेली टाच पुन्हा सोलली जाई. मेंढपाळ दहा पायऱ्या पुढे जाई, मागे वळून बघे, पुन्हा खाली येई. निम्मी वाट झाली तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. आत्या एका खडकावर बसली.

"माझ्याच्यानं होत नाही रे, लेकरा."

"पाठीवर बसा," तो म्हणाला. त्याने तिला उचलले, कशाबशा वीस पायऱ्या चढला आणि गुडघ्यांवर आला. "आत्या, तुमचं ओझं नाही हो. पण ही पायातली दळायची दोन जाती मला उचलत नाहीत."

"मानाचे आहेत. महाराजांच्या मापाचे आहेत."

तेव्हा त्या घाबरलेल्या, घामाने निथळणाऱ्या पोराने हात जोडले. "आत्या, राग मानू नका. माझ्या बायकोनं तुम्हाला बोलावलंय. तिथं महाराजांचे पाय कशाला हवेत?"

आत्याने खाली वाकून जोड्यांचे बंद सोडले. कापूस रक्ताने भिजला होता. तिने दोन्ही जोडे त्या खडकावर ठेवले आणि ती अनवाणी चालू लागली. खडी टोचत होती, दगड भाजत होते, पण पाय तिचे होते आणि तिचे ऐकत होते. पुढच्या वळणावर मेंढपाळालाच तिच्या मागे पळावे लागले.

ती पोचली तेव्हा आतल्या बाया रडू लागल्या होत्या. आत्याने कोणाशी एक शब्द न बोलता हात धुतले, तेल लावले आणि कामाला लागली. मूल फिरले. जन्मले तेव्हा निळे होते आणि रडत नव्हते. आत्याने त्याला उलटे धरले, पाठ चोळली, तोंडातला चिकटा पुसला, पुन्हा चोळली. आणि मग त्या मुलाने असा टाहो फोडला, की अंगणातली मेंढरे बिथरली.

मायलेकरू सुखरूप होते. आत्या ओट्यावर येऊन बसली आणि हुंदके देऊन रडू लागली. मेंढपाळाच्या आईला वाटले, पाय दुखत असतील.

"पायाचं काही नाही गं," आत्या म्हणाली. "अजून जरा वेळ ते जोडे ओढत बसले असते, तर तुझ्या दारात आज काय झालं असतं, ते दिसतंय मला."

इकडे गडाच्या पहारेकऱ्यांना वाटेतल्या खडकावर मानाचे जोडे सापडले. त्यांनी ते दरबारात आणले आणि कुजबुज सुरू झाली. राजाचा मान वाटेत टाकला! राजाला राग आला नाही, पण वाईट फार वाटले. त्याने आत्याला बोलावून घेतले. ती जखमांना फडकी बांधून, जुनी पायताणे घालून हळूहळू आली.

"आत्या, आमचे जोडे तुम्हाला आवडले नाहीत?"

"फार आवडले, महाराज. म्हणून तर रोज घातले. तिथंच चुकलं." तिने फडके सोडून पाऊल पुढे केले. "तुमचा पाय मोठा आहे, त्यात तुमचा दोष नाही. माझा लहान आहे, आणि मला जन्मभर याच्यावरच चालायचंय."

राजा त्या एवढ्याशा, सोललेल्या पावलाकडे कितीतरी वेळ बघत होता. मग त्याने म्हाताऱ्या कारागिराला पुढे बोलावले.

"हे असं होतं, ते तुला ठाऊक होतं?"

"बत्तीस जोड शिवले, महाराज. दर वेळी ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"या एका जोडाच्या वेळी आत्याशी बोललो, तिनं ऐकलं नाही. महाराजांशी बोलायची हिंमत झाली नाही. तेवढा गुन्हा माझा."

"गुन्हा आपल्या सगळ्यांचा," राजा म्हणाला. "आता हिचं माप घे."

"आत्ता नको. आधी जखमा भरू द्या. आणि माप घ्यायचं ते दिवस कलताना. दिवसभर चालून पाय थोडा पसरतो, तेव्हाच तो खरं सांगतो."

जखमा भरल्या, आणि एका संध्याकाळी राजा स्वतः कारागिराच्या ओसरीवर आला. आत्याने कातड्यावर पाऊल ठेवले, आणि राजाने खाली बसून कोळशाने त्याच्या कडेकडेने रेघ ओढली. आत्याला गुदगुल्या झाल्या. ती खुदखुदली, मग राजाही हसला आणि रेघ वाकडी गेली. कारागीर वैतागला. "महाराज, नीट काढा. आणि दुसऱ्याही पायाची काढा. दोन पाय कधी सारखे नसतात."

त्याने शेळीच्या मऊ कातड्याचे, घोट्याशी बेताने आवळणारे जोडे शिवले. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा ठेवली, टाच हलू नये अशी धरली, आणि तळ मुठीत वाकतो की नाही हे दहादा पाहिले. राजाने एक जोडा तळहातावर घेतला आणि विचारले, "यात काही वजनच नाही. याला मानाचा कसं म्हणायचं?"

"रेघ महाराजांनी ओढली आहे," कारागीर म्हणाला. "आणखी मान तो काय असतो?"

तेव्हापासून त्या राज्याचा रिवाज बदलला. मान मिळाला, की राजा स्वतः त्या माणसाच्या पायाशी बसून त्याचे माप घेई. सणासुदीला मानकरी आता ताठ चालत येऊ लागले.

वर्षभराने शिकारीहून परतताना राजाला आत्या भेटली. ती नेहमीप्रमाणे भरभर कुठल्याशा वाडीकडे निघाली होती. राजाने घोडा थांबवून विचारले, "आत्या, जोडे कसे आहेत?"

"जोडे?" आत्या थांबली. तिने खाली पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अगोबाई, घातलेत की! ध्यानातच नव्हतं बघा." आणि राजाला रामराम करून ती लगबगीने चढणीला लागली, कारण वर कोणीतरी तिची वाट बघत होते.

तात्पर्य: रोज चालायला आपल्याच पायाच्या मापाचा हलका जोडा हवा; दुसऱ्याच्या मापाचा मान कितीही मोठा असला, तरी त्याने आपली वाट सरत नाही.