बिनआवाजी रथ

रस्त्यांवर फक्त घोडे आणि बैल धावत होते, तेव्हाची ही गोष्ट. बाळांनो ऐका, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका.

एका राजधानीत एक रथकार होता. ढगांतली वीज तांब्याच्या घागरींत उतरवून त्याने बिनघोड्यांचा रथ घडवला. तो वाऱ्यासारखा धावे आणि जराही आवाज करत नसे. चाकं फिरत राहिली की घागरी पुन्हा भरत. रथ नुसता उभा राहिला, की त्यांतली वीज हळूहळू विरून जाई.

दसऱ्याच्या शर्यतीत त्याने सगळ्या सरदारांना मागे टाकलं. पण रथ विकत कोणी घेईना. त्या राज्यात सरदाराचा मान त्याच्या घोड्यांच्या घुंगरांवरून ठरे. "हा रथ आला काय, गेला काय, कोणी खिडकीतून डोकावणार नाही," सरदार म्हणाले. "मग त्यात बसायचं कशाला?" असल्या शहाण्यांपुढे रथकार हात जोडत फिरला, याचं मला फार वाईट वाटतं.

कारण खरं गिऱ्हाईक त्याच्या दारात येऊन गेलं होतं. घाटापलीकडची सुईण होती ती. म्हणाली, "दादा, मला एवढा वेग नको. घाट चढेल अशी साधी गाडी करून द्या. आमच्या चढावर घोडं टिकत नाही, आणि बैलगाडीनं पोचेपर्यंत बायका हातच्या जातात हो."

रथकार हसला. "बाई, मी राजेलोकांसाठी घडवतो. खटारे करणारे पलीकडच्या आळीत राहतात."

सुईण निघून गेली. न खपलेल्या रथावर रथकाराने कापड टाकलं.

पुढे त्याची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. ती अडली. "बाबा, घाटापलीकडच्या त्या सुईणीला आणा," ती कळवळून म्हणाली. रथकाराने कापड ओढून काढलं, रथात बसला, दांडा ओढला. रथ हलला नाही. घागरी केव्हाच रित्या झाल्या होत्या, आणि वीज उतरवायला आभाळात एक ढगही नव्हता.

शेवटी बैलगाडी पाठवली. सुईण आली तोवर उशीर झाला होता. लेक वाचली, बाळ वाचलं नाही.

सुईणीने त्याला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच त्याला सोसवेना. त्याने रथ मोडला, पुढच्या पावसात त्याच घागरी पुन्हा विजेने भरून एक बुटकी, साधी गाडी केली आणि सुईणीच्या दारात नेऊन उभी केली. तिच्याकडे मान वर करून बघायचं मात्र त्याला जमलं नाही.

दारी आलेल्या गरजवंताला नाकारलेली कला आपल्या गरजेच्या वेळीही कामी येत नाही.