अभंगाखालचं नाव

“म्हणजे मरण तुला घाबरतं म्हणायचं?” हातातल्या पत्रावळीवरून नजर न उचलता उद्धवबुवांनी विचारलं.

मरणाला दम देणारा कवी म्हणून सारी पंचक्रोशी त्र्यंबकला ओळखत होती. त्याच्या कीर्तनाला माणसं कोसभर चालून येत आणि म्हातारेकोतारे ताठ मानेने घरी परतत. अशा माणसाला काय विचारावं, याचा बुवांना पोच नव्हता. तो पूर्वीही नव्हताच म्हणा.

सव्वीस वर्षांनी तो मठाची पायरी चढला होता. ओसरी तीच होती, पळसाच्या पानांचा ढीग तसाच होता, आणि ओल्या पानांचा वासही तोच होता. इथेच बुवांशेजारी बसून पत्रावळी लावता लावता तो अभंग जुळवायला शिकला होता. चरण चुकला की बुवा लावलेली पत्रावळ उसवायला लावत. तेव्हा भारी राग यायचा. आता वाटलं, तितक्या सुखाचे दिवस पुन्हा काही वाट्याला आले नाहीत.

मठाची एक रीत होती. अभंगाच्या शेवटी कवीने आपलं नाव घालायचं, ते गुरूने सांगितल्यावरच. त्र्यंबकने तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा बुवा म्हणाले, “अजून नाही.” चौथ्यांदा विचारायला तो थांबलाच नाही. भांडून निघून गेला आणि आपलं आपणच नाव घालून मोकळा झाला.

ते त्याला इतकी वर्षं टोचत होतं. त्यात गेल्या महिन्यात वैद्याने नाडी बघितली आणि पावसाळा काही निघायचा नाही, असं सांगितलं. मरायच्या आधी त्या नावाला बुवांचा होकार मिळावा, एवढ्यासाठीच तो आला होता. दुखण्याबद्दल मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.

“ऐकव,” बुवा म्हणाले.

त्याने आवाज लावला.

मरणा रे तुझा । मोडीन मी कणा ।
उभा राही क्षणा । दारापाशी ॥
त्र्यंबक म्हणे बा । आलासि तैसा जा ।
माझा मीच राजा । तुझे काय ॥

बुवांनी मान डोलावली. चाल झकास बसली आहे, म्हणाले. नावाबद्दल काही बोलले नाहीत. चार पानं आणि थोड्या काड्या त्यांनी त्याच्यापुढे सरकवल्या.

“लाव.”

त्र्यंबकने पानावर पान ठेवलं. काडी टोचली, ती मोडली. दुसरीही मोडली. तिसरीला पानच फाटलं.

“हात कापतोय तुझा.”

“लांबून चालत आलोय, बुवा. शीण आहे.”

“हं...”

बुवांनी फाटलेलं पान बाजूला ठेवून दुसरं दिलं. तेही फाटलं. तेव्हा म्हाताऱ्याने त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तसाच धरून ठेवला. त्र्यंबकने सोडवून घ्यायला पाहिलं, पण बुवांची पकड अजून घट्ट होती.

...

“बुवा,” तो म्हणाला, आणि आता तो आवाज कीर्तनातला राहिला नव्हता. “वैद्याने मुदत सांगितलीय. मला फार भीती वाटते.”

बुवांनी हात सोडला नाही.

...

“आता हे जे बोललास, त्याच्याखाली नाव घाल,” ते म्हणाले.