शिक्क्याचा नकाशा

माधुरीताई पोंक्षे घरची सौरयंत्रणा स्वतःच जोडणार होत्या. वीज गेली की नवऱ्याचं ऑक्सिजनचं यंत्र बंद पडायचं, म्हणून हा खटाटोप. परवानगीसाठी त्यांनी वीज कंपनीच्या कचेरीत उपअभियंता रणदिव्यांपुढे स्वतः काढलेला नकाशा ठेवला.

रणदिव्यांनी तो उघडलाही नाही. "बाई, हे काय भरतकाम आहे? इंजिनिअरचा शिक्का आणा." सगळी कचेरी हसली.

आठवड्याने ताई शिक्क्याचा नकाशा घेऊन आल्या. शिक्का दिसताच रणदिव्यांनी सही ठोकली. "बघा, याला म्हणतात नकाशा!"

"साहेब, यात पॅनल कुठे दाखवलेत?"

रणदिव्यांनी चष्मा चढवला. पॅनल स्वयंपाकघरात होते, ओट्याखाली.

"मीच मुद्दाम काढले तिथे," ताई म्हणाल्या. "शिक्का मारणाऱ्याला चाललं, तुम्हालाही चाललं. आता तेवढं सूर्याला विचारायचं राहिलंय."

या वेळी कुणी हसलं नाही. रणदिव्यांचे कान तापले. त्यांनी सही खोडली, पहिला नकाशा मागून घेतला आणि खाली मान घालून शेवटपर्यंत वाचला. त्यात चूक सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन गच्ची तपासली आणि परवानगी दिली. ताईंनी चहाला थांबवलं. पण आतून ऑक्सिजनच्या यंत्राची घरघर ऐकू आली आणि रणदिव्यांना उंबरा ओलांडवला नाही.