आसातली चीर

फार पूर्वी, लोखंडाला बोलता येत होतं तेव्हाची गोष्ट. येसबाच्या शर्यतीच्या बैलगाडीला एक लोखंडी आस होता. दोन्ही चाकं त्याच्यावर फिरत. अकरा शर्यती जिंकल्याचा त्याला मोठा गर्व होता.

त्याच्या पोटात लोखंडाचे कण कणसातल्या दाण्यांसारखे एकमेकांना चिकटून बसले होते. एकदा दगडाचा ओरखडा बसला आणि तिथले दोन कण सुटले. केसाएवढी चीर पडली. मग प्रत्येक धक्क्याला ती कणाकणानं आत सरकू लागली.

बाराव्या शर्यतीचे ढोल वाजू लागले. रिवाजाप्रमाणे भिकोबा लोहार आसावर हातोडी मारून आवाज ऐकायला आला.

"सगळे एका सुरात वाजा!" आस आतल्या कणांवर ओरडला. "नाहीतर मला उतरवतील."

"दादा, चीर माझ्या दाराशी आलीय," एक कण म्हणाला. "मी खोटं वाजणार नाही."

हातोडी पडली. खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज आला.

"काका, आटपा! ढोल वाजतायत!" येसबा म्हणाला.

"वाजू देत. तुझा आस वाजत नाही."

भिकोबानं आस काढला, ऐरणीवर ठेवला आणि एकच घण घातला. दोन तुकडे! चीर जिथवर पोचली होती, तिथवरचं लोखंड आधीच तुटून काळं पडलेलं होतं. आत्ता घणानं तुटलेली नखाएवढीच जागा ताजी, चकचकीत होती. तेवढ्या जागेतले कण सगळी गाडी धरून होते.

येसबानं ती जागा बोटानं चाचपली. मग तो धावत गेला आणि बैलांच्या गळ्यात पडला.