सीतादहीचा घास

पूर्णेच्या काठी धवळखेड नावाचं गाव होतं. तिथं भानुजी महाराजांनी एक चातुर्मास काढला. महादेवाच्या देवळामागे निंबाचा पार होता, त्यावर ते बसत. कोणी भाकर आणून दिली तर खात, नाही दिली तर पाणी पिऊन नामस्मरण करत. गाव मात्र मोठं सुखवस्तू. काळी कसदार जमीन आणि जिकडे पाहावं तिकडे पऱ्हाटी. कापूस फुटला की सारं शिवार पांढरं होई आणि दूरदूरचे व्यापारी गाड्या जुंपून येत. घरोघरी पितळेची भांडी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा. धवळखेडचं स्थळ म्हटलं की मुलीचा बाप दुसरं काही विचारत नसे.

अर्ध्याहून अधिक शिवार पुंजाजी पाटलांचं होतं. पाटील माणूस वाईट नव्हते, हे आधी सांगितलं पाहिजे. दारी आलेला गोसावी त्यांनी कधी रिकाम्या हातानं परत पाठवला नाही. पण एका गोष्टीचा त्यांना फार ताठा होता. पाहुण्यांसमोर मिशीवर हात फिरवून ते म्हणायचे, "आमच्या गावात उपाशी कोणी नाही. ज्याले हात हायेत, त्याले काम हाये. तरी कोणी उपाशी असन, तर तो आळशी समजा!"

त्याच गावात सगुणा राहायची. नवरा साप चावून गेला होता. सहा वर्षांची वेणू तेवढी पदरात. सगुणा पाटलांच्या शेतात राबायची आणि कामावर जाण्याआधी रोज महाराजांचा पार झाडायची. पाटील तिकडून जाताना हटकून म्हणायचे, "काय वो सगुणे, पार झाडून पोट भरते काय? तुह्या बुवाले सांग, एखादं भाकरीचं झाड लावून दे म्हणा!" सोबतचे लोक हसायचे. सगुणा मान खाली घालून झाडत राहायची.

कार्तिकात पाटलांच्या शेतात पहिली वेचणी निघाली. वऱ्हाडात वेचणीआधी सीतादही करण्याची रीत आहे. चांगल्या फुटलेल्या पऱ्हाटीखाली लहान दगड मांडून त्यांची पूजा करायची, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा आणि तो भात शेतात चारी दिशांना शिंपडायचा. धरणीमायचा घास तिला दिल्याशिवाय बोंडाला हात लावायचा नाही. पाटलांनी त्या दिवशी महाराजांनाही शेतात बोलावलं होतं. संतांचे पाय लागले म्हणजे चार गावांत नाव होईल, असं त्यांच्या मनात होतं. महाराज आले आणि धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मातीतच बसले.

पूजा झाली. पाटलीणबाई पातेलं घेऊन निघाल्या आणि मुठीमुठीनं दहीभात शिंपडू लागल्या. वेचणारणी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधून हात जोडून उभ्या होत्या. तेवढ्यात कोणाचं तरी लक्ष गेलं. पाटलीणबाईंच्या मागे मागे वेणू ओणवी चालत होती. ढेकळांवर पडलेली शितं वेचून ती तोंडात घालत होती. मातीसकट.

पाटील धावले. त्यांनी पोरीचं मनगट धरलं. "देवाचा निवद उष्टावतं? थुक! आधी थुक ते!"

पोरगी घाबरली. तोंडातला घास तिनं थुंकला आणि ओठ घट्ट मिटून उभी राहिली.

सगुणा पुढे आली. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. "मालक, चुकलं लेकरू. दोन दिस झाले, तिच्या पोटात काई नाही."

"दोन दिस?" पाटील सगळ्यांना ऐकू जाईल असं हसले. "अन् माह्या गावात? अवं, लोकं काय म्हणतीन! पोरीले चोरी शिकवतं अन् वरून गावाची अब्रू काढतं? चाल, ओटी सोड. ह्या हंगामात माह्या शेतात पाय ठेवायचा नाही. जाय तुह्या बुवाच्या पारावर, तो घालन तुले जेवू!"

वेचणी गेली म्हणजे पुढचे सहा महिने गेले, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. सगुणेनं ओटी सोडली. महाराजांकडे वळून तिनं हात जोडले आणि म्हणाली, "देवा, इले माफ करजा. इले काई समजत नाही."

महाराजांनी एकदा त्या पांढऱ्या शिवाराकडे पाहिलं, एवढंच.

पाटलांनी हुकूम केला, "घाला हात!" पहिल्या बाईनं बोंडाला हात लावला आणि किंचाळून मागे सरली. फुटलेलं बोंड तिच्या डोळ्यांदेखत मिटलं! कापूस आत गेला, टरफल बंद झालं. शेजारचंही मिटलं, त्याच्या पलीकडचंही. धुऱ्यापासून नदीपर्यंत पांढरा रंग सरत गेला आणि भर सकाळी सारं शेत मातकट हिरवं होऊन उभं राहिलं.

पाटील पऱ्हाटीच्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत धावू लागले. एक बोंड त्यांनी नखांनी उकलून पाहिलं. नख तुटलं, बोंड उघडलं नाही. शेवटी ते महाराजांसमोर येऊन बसले. "महाराज, वर्षाचं पीक हाये. मी काय चुकलो? रीत तर पुरी केली!"

महाराज शांतपणे म्हणाले, "बाप्पा, मले भूक लागली. तुह्या वावरातलं ज्वारीचं एक कणीस आणून दे. हुरडा भाजून खाऊ."

पाटील झटक्यात उठले आणि दोन पावलांवर थांबले. उगवतीला पाहिलं, मावळतीला पाहिलं. नजर पोचेल तिथवर पऱ्हाटीच. कणीस कुठून आणणार?

"नाही काय एकही?" महाराजांनी विचारलं. "एवढ्या मोठ्या वावरात?"

तेव्हा भागीरथी नावाची एक म्हातारी वेचणारीण बोलली. एरवी ती मालकासमोर पदर तोंडातून काढत नसे. "कुठून राहीन देवा? ह्यायचे बाप, मोठे पाटील, होते तवा अर्ध्या वावरात ज्वारी राहे. मजुरी दाण्यानं भेटे. लेकरं हुरडा खात, धांडे चघळत. कापणी झाली का आम्ही सरवा वेचो, पडलेल्या कणसांवर दोन महिने निघत. कापसाले भाव आला अन् ह्या मालकानं ज्वारी मोडली. त्यायचं पाहून समद्या गावानं मोडली. आता दाणा बाजारातून आणा, तोही महाग. वेचणी सरली का काम नाही, निंदणापर्यंत हात रिकामे. कापूस काई चावून खाता येते, मालक?"

पाटील खालमानेनं ऐकत होते. ज्वारी मोडली तो दिवस त्यांना आठवला. कोवळं पीक नांगराखाली जात होतं आणि धुऱ्यावर ह्याच बाया उभ्या होत्या. तेव्हा त्यांना वाटलं होतं, गंमत पाहायला आल्या आहेत. गाव श्रीमंत झालं ते खरं होतं. पण त्या श्रीमंतीतच लेकरांच्या तोंडचा घास गेला होता आणि तो नेणारा हात आपला होता. ज्यांना आजवर आळशी म्हटलं, त्यांच्याकडे पाहायची त्यांना छाती होईना.

"मी काय करू, महाराज?" पाटलांनी विचारलं.

"पातेल्यात भात उरला हाये. त्या पोरीले घाल. धरणीमायचा घास तिच्या तोंडातून काढला तू."

पाटलांनी पातेलं घेतलं, वेणूसमोर बसले, घास पुढे केला. पोरीनं तोंड उघडलं नाही. "खाय माय," पाटील म्हणाले. दात घट्ट मिटलेले. सगुणा म्हणाली, "खाय वं, मालक देऊन राह्यले." तरी नाही. पाटलांनी आर्जवं केली, बाहुली देतो म्हणाले, बैलाची घुंगरमाळ देतो म्हणाले. पोरगी त्यांच्या हाताकडे डोळे लावून उभी होती. मग दात न उघडताच तिनं पुटपुटल्यासारखं विचारलं, "थुक म्हणसान?"

पाटलांच्या हातातला घास खाली पडला.

मग ह्या गावच्या पाटलानं एक केलं. पागोटं काढून बाजूला ठेवलं, गुडघे टेकून ढेकळांतली शितं वेचली आणि मातीसकट स्वतःच्या तोंडात घातली. सगळ्या वेचणारणींसमोर. कचकच वाजली. "नाही म्हणणार, माय," ते म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कोणालेच नाही म्हणणार. माहं चुकलं."

वेणूनं थोडा वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

पहिला घास तिच्या पोटात गेला आणि जवळच तडकल्याचा बारीक आवाज झाला. मग दुसरा. मग सगळीकडून, लाह्या फुटाव्यात तसा! धुऱ्यापासून नदीपर्यंत बोंडं उघडत गेली. बाया रडू लागल्या. पाटलांनी मात्र मागे वळून शेताकडे पाहिलंही नाही. ते पोरीला भरवत होते आणि ती खात होती, भुकेलं लेकरू खातं तशी, घाईघाईनं, ठसका लागेस्तोवर.

पातेलं रिकामं झाल्यावर पाटलांनी सगुणेची ओटी उचलून तिच्या हातात दिली. गड्याला हाक मारून घरच्या कणगीतली ज्वारी आधी वेचणारणींच्या घरी पोचवायला सांगितलं. अजून रब्बीची पेरणी साधण्यासारखी होती. नदीकडच्या पट्ट्यातली पऱ्हाटी ह्या वेचणीनंतर उपटून तिथं ज्वारी पेरायची, मजुरी पुन्हा दाण्यानं द्यायची आणि सरव्याला कोणी अडवायचं नाही, हे त्यांनी धुऱ्यावरच, सगळ्यांसमक्ष कबूल केलं.

मग ते महाराजांकडे आले. "महाराज, लोकायले तोंड कसं दाखवू? फार लाज वाटते."

महाराज म्हणाले, "वाटू दे. ती लवकर पुसू नको. ज्या दिवशी वाटायची थांबन, त्या दिवशी पुन्हा सांगशीन, माह्या गावात उपाशी कोणी नाही."

पुंजाजी पाटलांनी महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. उघडं डोकं, कपाळाला शेताची माती. महाराजांनी खांद्याला धरून उठवेपर्यंत त्यांनी ते वर केलं नाही.