आठ महिन्यांचे ठाणेदार

शिपाई म्हणून लागलेले खैरमोडे निवृत्तीला आठ महिने उरले, तेव्हा कुठे आमच्या ठाण्याचे प्रमुख झाले. ठाण्यात कोण आलं, कशाला आलं, हे डायरीत लिहिण्यात त्यांची निम्मी नोकरी गेली होती.

पहिल्याच सकाळी सभापती ढमढेरे हार घेऊन हजर! त्यांच्या पुतण्याच्या जीपनं भाजीवाल्या सखूबाईंचा पाय मोडला होता आणि जीप ठाण्यात जप्त होती.

हार घालून सभापती म्हणाले, “आठ महिन्यांचे पाहुणे तुम्ही, कशाला वाईटपणा घेता? जीप सोडा. माझा शब्द आहे!”

खैरमोड्यांनी डायरी पुढे ओढली, पेन उघडलं. “लिहितो. अकरा वाजता सभापती ढमढेरे पुतण्याची जीप सोडवायला ठाण्यात आले. बरोबर?”

“अहो, माझं नाव कशाला?” सभापती ताडकन उठले. “काही लिहू नका!”

“मग साहेब, डायरीत नाही म्हणजे तुम्ही आलाच नाहीत. आणि जो माणूस आलाच नाही, त्याच्या शब्दावर जीप सोडू कशी?”

सभापती आले तसे गेले. खैरमोड्यांनी टोपी चढवली. “चला रे, इस्पितळात. सखूबाईंचा जबाब घ्यायचाय. त्यांना नाव लिहून द्यायची भीती वाटत नाही.”