खांद्यावरची नीळ

“मग हा बव्हेरियाचा नाही म्हणता?”

रूबेन साळवेचा आवाज चढला होता. तात्या गंधे पान लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मी कुठं म्हणालो? बव्हेरियाचा, असं तू म्हणालास. मी एवढंच विचारलं, कशावरून?”

जुन्या फोटोतल्या शिपायाचा कोट बघून त्याची पलटण सांगावी तर तात्यांनीच. नगरला त्यांच्या ओसरीवर आम्ही काही जण ही विद्या शिकायला जायचो. रूबेन आमच्यात सगळ्यांत हुशार, आणि ते आमच्या आधी त्याला ठाऊक. त्या सकाळी त्यानं स्वतःच्या आजोबांचा फोटो आणला होता. जर्मनीच्या कैसरच्या फौजेतला कोवळा जवान, मिशीला पीळ, छातीवर बटणांची रांग. सगळा फोटो हातानं रंगवलेला.

“कोट फिकट निळा आहे, तात्या. प्रशियाचा असता तर गडद असता. फिकट निळा म्हणजे बव्हेरिया. हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं खरं.”

“मग?”

“मग तिकडून होकार का येत नाही?”

बव्हेरियातल्या किती दप्तरखान्यांना आणि चर्चना रूबेननं आजोबांचं नाव देऊन पत्रं घातली होती! असा कार्ल श्मिट आमच्याकडे नाही, हेच उत्तर. श्मिट हे आडनाव तिकडे असं, की गल्लीत दगड भिरकावला तर तो एखाद्या श्मिटालाच लागायचा. पण जर्मनीतल्या पलटणी बव्हेरिया, प्रशिया अशा मुलखामुलखाच्या असत. पलटण कळली, की माणसाचं गाव हाताशी आलं.

आणि ते गाव हवं होतं रूबेनच्या आईला. म्हातारी अंथरुणाला खिळली होती. कार्ल श्मिट तिचा बाप. मुंबईत नोकरीला होता, तिथंच रूबेनच्या आजीशी लग्न केलं. पहिली जागतिक लढाई पेटली तेव्हा इंग्रज सरकारनं त्याला शत्रूचा माणूस म्हणून पकडून इथल्या छावणीत, तारेच्या कुंपणाआड कोंडलं. आजी तान्ही पोर काखोटीला मारून मागोमाग नगरला आली. लढाई संपल्यावर त्याला बोटीत घालून मायदेशी धाडलं. तो परत आला नाही. आजीनं नगर सोडलं नाही.

“आई रोज विचारते, तात्या. माझा बाप कुठला रे? एवढं कळलं की मी सुटले, म्हणते.” रूबेनचा सगळा तोरा उतरला होता. “दुसरं काही मागत नाही हो ती.”

तात्यांनी पान खाली ठेवलं.

“फोटो रंगवला कुणी?”

“तिकडच्या स्टुडिओनं. दुसरं कोण रंगवणार?”

“बरं...”

फोटोखालच्या पांढऱ्या पट्टीवर पिवळ्या रंगाचा एक थेंब सांडलेला होता, बटणांसाठी लावला तोच रंग. तात्यांनी डबीतला चुना बोटावर घेतला आणि त्या थेंबाला लावला.

“अहो तात्या! काय करताय हे!”

थेंब बघता बघता लाल झाला.

“जर्मनीत हळद कुठली रे, रूबेन?”

हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे कुठल्याही स्वयंपाकघरात माहीत असतं. तरी आम्ही सगळे आ वासून बघत राहिलो.

“आणि हा कोट?” रूबेनचा आवाज खोल गेला.

“कपड्यांना घालतात ती नीळ असावी. तुझ्या आजीनं हा कोट कधी पाहिला होता का?”

“नाही... फौजेतली नोकरी संपवून मग ते मुंबईला आले.”

“मग घरात जी निळाई होती, ती लावली तिनं.”

“म्हणजे आजवर मी आजीच्या निळीचा पत्ता शोधत होतो!” रूबेन हसायला गेला, पण त्याला हसता आलं नाही.

तात्या म्हणाले, “रंग सोड. पलटणीचा आकडा कुठं असतो?”

“खांद्यावरच्या पट्टीवर. पण इथं दिसत नाही, इथं रंग जाड आहे.”

“उन्हात तिरका धर.”

रूबेननं धरला. आम्ही माना लांब केल्या. बाकी कोटावर नीळ अगदी पातळ होती, कपडे खळबळून उरलेल्या पाण्यासारखी. खांद्यावर मात्र थरावर थर. एक वाळला की दुसरा, तो वाळला की तिसरा.

“इथंच का बरं एवढी थापली?” रूबेननं विचारलं.

तात्या आत जाऊन वाटीभर पाणी आणि कापूस घेऊन आले.

“नीळ आहे, पाण्यानं निघेल. आकडा खाली असणार.”

रूबेननं कापूस भिजवला. आईचं सगळं मागणं त्या बोटभर पट्टीखाली होतं. तो फोटोवर वाकला. हात खांद्यापाशी गेला, आणि तिथंच थांबला.

“अंगठा आहे...”

“कुणाचा?”

“आजीचा. ब्रशनं नाही लावलेलं हे, अंगठ्यानं दाबलंय. आकडा मुद्दाम झाकलाय तिनं.” त्यानं कापूस मागे घेतला. “आई लहानपणी तिला विचारायची, बाबांचं गाव कुठलं गं? तर म्हणायची, तुला कशाला हवंय ते? तुला का तिकडे जायचंय? तेच येतील की इकडे.”

मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू?

“मरेपर्यंत म्हणत होती, तात्या. येतील की...”

त्याच्या मुठीत कापूस पिळला गेला. पाणी ओसरीच्या फरशीवर सांडलं. फोटो त्यानं दुसऱ्या हातानं छातीशी धरला होता.

“आता घरी गेलो की आई विचारेल. उंबऱ्यातच विचारते ती, कळलं का रे कुठला ते? काय सांगू तिला?”

तात्यांनी फोटो त्याच्या हातातून घेतला, धुतलेल्या पंच्यात नीट गुंडाळला आणि परत त्याच्या हातात दिला.

“सांग... नगरचा.”